न सापडलेल्या रुग्णांचा हिशेब

२०१९ साली जगभरात क्षयरोगाचे सुमारे ७१ लाख नवे रुग्ण नोंदले गेले. २०२० मध्ये हाच आकडा ५८ लाखांवर उतरला. एका वर्षात सुमारे १८ टक्क्यांची घट होऊनही कुणी समाधान मानलं नाही, कारण खरं काय ते उघड होतं. कोविडच्या काळात लोक दवाखान्यापर्यंत पोहोचले नव्हते आणि तपासणीची यंत्रं, माणसं दुसऱ्या कामाला जुंपली गेली होती. त्याच वर्षी क्षयरोगाने झालेल्या मृत्यूंचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज मात्र दहाहून अधिक वर्षांत पहिल्यांदाच वाढला होता. नोंदी घटल्या होत्या, आजार घटला नव्हता.

इतकी मोठी आणि इतकी उघड घसरण असली की ती सगळ्यांच्या लक्षात येते. मला काळजी वाटते ती लहान फरकांची. कुठल्याही रोगनोंदणीचा वार्षिक अहवाल उघडला की एका प्रदेशात रुग्ण चार टक्क्यांनी वाढलेले दिसतात, दुसरीकडे तीन टक्क्यांनी कमी झालेले. आपण ते आकडे रोगाचे म्हणून वाचतो. त्यावर बातम्या होतात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात, निधी वाटला जातो. प्रत्यक्षात त्या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: रोग किती आहे आणि नोंद करणारी यंत्रणा किती लोकांपर्यंत पोहोचली. दुसरी गोष्ट वेगळी काढून दाखवली नाही, तर पहिलीबद्दल काहीही ठामपणे बोलता येत नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या प्रत्येक रोगनोंदणीने आपली नोंद किती पूर्ण आहे याचा अंदाज रुग्णसंख्येच्या शेजारीच छापावा. तो एका टक्केवारीत गुंडाळून देऊ नये. प्रदेश, वय, लिंग आणि उपचाराची सोय यांनुसार वेगवेगळा द्यावा. आणि ज्या गृहीतकावर तो उभा आहे ते गृहीतकही त्याच पानावर साध्या भाषेत लिहावं. ‘आमची नोंदणी ९५ टक्के पूर्ण आहे’ एवढंच वाक्य छापलं, तर काहीच न छापण्यापेक्षा ते जास्त दिशाभूल करू शकतं. हे असं का, ते समजण्यासाठी थोडं गणित बघावं लागेल. ते अवघड नाही.

जे दिसलेच नाहीत त्यांची संख्या सांगण्याची एक जुनी युक्ती आहे. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९६ मध्ये माशांना खुणेच्या चकत्या लावून पाण्यात सोडलं. नंतर पकडलेल्या माशांत खूण असलेले किती, यावरून एकूण माशांचा अंदाज बांधता येतो, ही त्यामागची कल्पना. १९३० मध्ये अमेरिकेतले पक्षीशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिंकन यांनी हीच कल्पना पायात कड्या घातलेल्या बदकांसाठी वापरली. माणसांच्या नोंदींना ती लावण्याचं फार महत्त्वाचं काम १९४९ मध्ये सी. चंद्रशेखर आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी केलं. कोलकात्याजवळच्या सिंगूर आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात जन्म-मृत्यूंची निबंधकाची यादी होती आणि घरोघर जाऊन केलेली दुसरी यादी होती. दोन्ही याद्यांत किती नावं सामाईक आहेत, यावरून दोन्हींतून निसटलेल्यांची संख्या त्यांनी काढली.

रोगनोंदणीत हेच असं चालतं. समजा, रुग्णालयांच्या यादीत ६०० रुग्ण आहेत, प्रयोगशाळांच्या यादीत ५००, आणि ३०० नावं दोन्हीकडे आहेत. प्रयोगशाळेच्या ५०० पैकी ३०० रुग्णालयांना सापडले, म्हणजे रुग्णालयांची यादी ६० टक्के रुग्ण पकडते. मग ६०० ही एकूण संख्येच्या ६० टक्के, आणि एकूण रुग्ण १,०००. दोन्ही याद्या मिळून ८०० वेगळी नावं झाली. २०० रुग्ण कुठेच नाहीत आणि नोंदणी ८० टक्के पूर्ण आहे. कुणालाही न भेटता आपण २०० अदृश्य माणसं मोजली. या पद्धतीचं मला पहिल्यापासून आकर्षण वाटत आलं आहे, आणि तिचा गैरवापर खुपतो तो त्यामुळेच.

या हिशेबात एक अट दडलेली आहे: एका यादीत असण्या-नसण्याचा दुसऱ्या यादीत असण्याशी संबंध नसावा, आणि प्रत्येक रुग्ण सापडण्याची शक्यता सारखी असावी. खुणेचा मासा पाण्यात सोडला की तो इतरांत मिसळतो, निदान तसं मानता येतं. रुग्ण असे मिसळत नाहीत. रुग्णालयाने पाठवलेला नमुनाच प्रयोगशाळेत जातो, त्यामुळे एका यादीतलं नाव दुसरीत आपोआप उतरतं. ज्याच्याकडे प्रवासाला पैसे आहेत, कामावरून सुटी मिळते, घरी सोबतीला माणूस आहे, तो दोन्ही याद्यांत येतो. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, तो दोन्हींतून निसटतो.

याचा परिणाम किती मोठा होतो ते आकड्यांतच पाहावं. समजा, एका प्रदेशात खरोखर १,००० रुग्ण आहेत. त्यातले ५०० उपचाराच्या सोयींजवळ राहतात आणि प्रत्येक यादीत त्यांच्यापैकी ८० टक्के येतात: ४०० आणि ४००, सामाईक ३२०. उरलेले ५०० दुर्गम भागात आहेत आणि प्रत्येक यादीत त्यांच्यापैकी फक्त २० टक्के येतात: १०० आणि १००, सामाईक २०. आता हा भेद विसरून सगळं एकत्र करा. दोन्ही याद्यांत पाचशे-पाचशे नावं, सामाईक ३४०. सूत्र सांगतं, एकूण रुग्ण सुमारे ७३५. हाती ६६० वेगळी नावं आहेत, तेव्हा नोंदणी ९० टक्के पूर्ण. खरी पूर्णता आहे ६६ टक्के. जवळच्यांसाठी ९६ आणि दुर्गम भागासाठी अवघी ३६. त्या अंदाजाभोवती नेहमीच्या पद्धतीने ९५ टक्के खात्रीची मर्यादा काढली तर ती साधारण ७१० ते ७६० येते. नेमकी, आटोपशीर, विश्वास वाटावा अशी मर्यादा, आणि १,००० हा खरा आकडा तिच्या आसपासही नाही. ही मर्यादा फक्त योगायोगाने होणारी चूक मोजते. गृहीतक चुकल्याची चूक तिच्या हिशेबातच नसते.

चूक कुठल्या बाजूला होते तेही बघा. याद्या एकमेकींशी जुळलेल्या असल्या, किंवा काही माणसं सगळीकडेच दिसत आणि काही कुठेच दिसत नसली, की सामाईक नावं वाढतात, एकूण अंदाज घटतो आणि नोंदणी आहे त्यापेक्षा पूर्ण दिसते. विषमता जितकी जास्त, तितकं प्रमाणपत्र चांगलं. सार्वजनिक आरोग्याच्या कामात याहून धोकादायक दोष मला सुचत नाही. उलट दिशेची चूकही होते: खाजगी दवाखान्यात उपचार घेणारे सरकारी यादीत सहसा येत नसतील, तर सामाईक नावं कमी पडतात आणि अंदाज फुगतो. प्रत्यक्ष नोंदणीत हे दोन्ही प्रवाह एकाच वेळी वाहत असतात आणि निव्वळ दोन याद्या बघून कुठला जोर धरून आहे ते कळत नाही.

चंद्रशेखर आणि डेमिंग यांना हे १९४९ मध्येच दिसलं होतं. त्यांनी सुचवलेला उपाय आजही पहिला आहे: लोकांचे असे गट पाडा की गटातल्या सगळ्यांची सापडण्याची शक्यता जवळपास सारखी असेल, प्रत्येक गटाचा अंदाज वेगळा काढा आणि मग बेरीज करा. वरच्या उदाहरणात असे गट पाडले की बेरीज बरोबर १,००० येते. गटवार आकडे मागण्यामागे वाचकाची सोय हे दुय्यम कारण आहे. गट न पाडता काढलेली एकूण टक्केवारीच चुकीची असते, हे खरं कारण.

तीन किंवा अधिक याद्या असतील तर आणखी पुढे जाता येतं. तीन याद्यांत रुग्ण असण्या-नसण्याच्या आठ शक्यता, म्हणजे आठ खण, होतात. त्यातल्या सात दिसतात, आठवी, म्हणजे कुठेच नसलेले, दिसत नाही. १९७२ पासून यासाठी लॉग-लिनियर मॉडेलं, म्हणजे प्रत्येक खणातल्या संख्येचा अंदाज देणारी गणिती सूत्रं, वापरात आहेत आणि त्यांत याद्यांच्या जोड्याजोड्यांतला संबंध धरता येतो. हे दोन याद्यांपेक्षा निश्चितच बरं. पण तिन्ही याद्यांना एकत्र बांधणारा संबंध नाही, हे तिथेही मानूनच चालावं लागतं. सात खणांतली माहिती आठव्या खणाबद्दलचं हे गृहीतक तपासू शकत नाही. दिसणाऱ्या सात खणांशी उत्तम जुळणारी दोन मॉडेलं न दिसणाऱ्या खणासाठी अगदी वेगळे आकडे देऊ शकतात. अशा वेळी त्यातला एक आकडा निवडून दुसरा दडवणं मला अप्रामाणिक वाटतं. दोन्ही छापावेत आणि फरक कशामुळे पडतो ते सांगावं.

याहून क्षुल्लक वाटणारी, पण व्यवहारात हमखास भेटणारी अडचण नावं जुळवण्याची आहे. पहिल्या उदाहरणातल्या ३०० सामाईक रुग्णांपैकी ३० जणांची नावं दोन याद्यांत वेगळी लिहिली गेली, जन्मतारीख चुकली किंवा लग्नानंतर आडनाव बदललं, म्हणून ती जुळली नाहीत असं समजा. सामाईक उरले २७०. एकूण अंदाज १,००० वरून १,१११ वर गेला, तीस माणसं दोनदा मोजली गेली आणि पूर्णता ८० वरून ७५ टक्क्यांवर आली. दहा टक्के नावांच्या गोंधळाने एवढा फरक पडतो. लग्नानंतर आडनाव बदलणं बहुधा स्त्रियांच्याच वाट्याला येतं, तेव्हा हा गोंधळ स्त्री-पुरुषांत सारखा वाटला जात नाही. नावं नीट जुळवायची तर ओळख पटवणारी माहिती लागते, आणि तिथे रुग्णाच्या खाजगीपणाचा प्रश्न उभा राहतो. ओळख सांकेतिक रूपात बदलून जुळवणी करण्याच्या पद्धती आज उपलब्ध आहेत. खाजगीपणाचं कारण पुढे करून जुळवणीच टाळणं, हे रुग्णाचं रक्षण नव्हे.

पूर्णता जोखण्याचा दुसरा मार्ग मृत्यूच्या नोंदींतून जातो. कर्करोग नोंदणीत तो विशेष वापरला जातो. एखाद्याचा कर्करोग नोंदणीला पहिल्यांदा मृत्यूच्या दाखल्यावरूनच कळला, तर तो माणूस जिवंत असताना यंत्रणेतून निसटला होता हे नक्की. असे किती सापडतात, यावरून एकूण किती निसटत असतील याचा अंदाज येतो. मृत्यू आणि नोंदी यांचं गुणोत्तरही बोलकं असतं. एखाद्या कर्करोगात सुमारे ६० टक्के रुग्ण पाच वर्षं जगतात असं माहीत असेल, तर शंभर नोंदींमागे साधारण चाळीस मृत्यू अपेक्षित आहेत; प्रत्यक्षात पंचावन्न दिसले तर बऱ्या होणाऱ्या रुग्णांची नोंदच होत नसावी अशी शंका घ्यायला जागा आहे. इंग्लंडच्या थेम्स कर्करोग नोंदणीच्या अनुभवातून २००० साली मांडलेल्या ‘प्रवाह पद्धती’त जगण्याची शक्यता, अजून नोंद न झाल्याची शक्यता आणि मृत्यूच्या दाखल्यावर कर्करोगाचा उल्लेख असण्याची शक्यता या तिन्हींची सांगड घातली आहे. निदानानंतर किती काळाने नोंदणी किती पूर्ण होते, याची वक्ररेषाच त्यातून मिळते. मला ही पद्धत फार विचारपूर्वक बांधलेली वाटते.

पण ती उभी आहे मृत्यूच्या नोंदीवर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की जगातल्या दर दहा मृत्यूंपैकी चारांची नोंदच होत नाही. संघटनेच्या आफ्रिका विभागात तर दहातला एकच मृत्यू नोंदला जातो. नोंद झाली तरी दाखल्यावर नेमकं कारण असतंच असं नाही. नॉर्वेत कर्करोग कळवणं १९५२ पासून सक्तीचं आहे आणि २००१ ते २००५ या काळासाठी तिथल्या नोंदणीची पूर्णता ९८.८ टक्के काढली गेली. ज्या यंत्रणेत सगळे स्रोत आधीच मजबूत आहेत तिथे या पद्धती उत्तम चालतात. जिथे अंदाजाची गरज सर्वांत जास्त, तिथे तो काढण्याची साधनं सर्वांत दुबळी. हा पेच कुठलंही नवं सूत्र सोडवू शकत नाही.

काळाचाही एक हिशेब आहे. नोंदी उशिरा येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या नोंदणीवर २००२ साली झालेल्या अभ्यासात दिसलं की पहिल्यांदा जाहीर होणारी संख्या अंतिम अंदाजाच्या ८८ ते ९७ टक्केच असते आणि ९९ टक्के रुग्ण नोंदले जायला, कर्करोगाच्या प्रकारानुसार, ४ ते १७ वर्षं लागू शकतात. म्हणजे ताज्या वर्षांत दिसणारी घट कधी कधी फक्त न पोहोचलेल्या कागदांची असते. ही दुरुस्ती करून छापण्याची रीत तिथे रुळली आहे. इतरत्र ती न करण्याचं एकही सबळ कारण मला दिसत नाही.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की नोंदणी स्वतःच ‘आम्ही ३४ टक्के रुग्ण गमावले’ असं छापू लागली तर लोकांचा विश्वास उडेल, आणि ज्यांना आकडे गैरसोयीचे आहेत ते सगळंच झटकून टाकतील. ही भीती खरी आहे. पण आज काय होतं ते बघा. एखाद्या प्रदेशातली मंडळी मेहनतीने रुग्ण शोधतात, नोंद वाढते आणि अहवालात त्यांचा प्रदेश जास्त आजारी दिसतो. शेजारचा प्रदेश काहीच करत नाही आणि निरोगी ठरतो. पूर्णतेचा आकडा शेजारी नसेल तर प्रामाणिकपणे काम करणाऱ्याला खुलासे देत बसावं लागतं. हे दोन-चार वर्षं चाललं की माणसं शोधायचं थांबतात. झाकून राखलेला विश्वास अशा किमतीत पडतो आणि ती किंमत नोंदणीत काम करणारे कर्मचारी व रुग्ण चुकवतात.

दुसरा आक्षेप दर्जा देण्याच्या पद्धतीचा. उत्तर अमेरिकेतली कर्करोग नोंदणी केंद्रांची संघटना ९५ टक्के किंवा अधिक पूर्णता असलेल्या केंद्राला सुवर्ण आणि ९० टक्क्यांच्या वर असलेल्याला रौप्य दर्जा देते. असा एकच निकष सोपा असतो, केंद्रांत चुरस निर्माण करतो, मग गटवार तपशिलाचा घोळ कशाला, असं विचारलं जातं. निकष असावा, त्याने दर्जा सुधारतो हे मला मान्य आहे. मात्र तो सगळ्यांत कमी पूर्णता असलेल्या गटाला लावावा. ९६ आणि ३६ वाले गट एकत्र करून काढलेल्या फुगीर आकड्यावर कुणाला पदक मिळत असेल, तर ३६ वाल्या गटाकडे जाण्याची निकड कुणालाच वाटणार नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो या पद्धतींवर प्रेम करणाऱ्यांकडूनच नकळत खरा ठरवला जातो. अंदाज काढता येतो म्हटल्यावर शोधण्याची गरज काय? संख्येला पूर्णतेने भागावं आणि मोकळं व्हावं. २०२२ मध्ये क्षयरोगाचे १ कोटी ६ लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता आणि नोंद झाली ७५ लाखांची. मधल्या ३१ लाखांचा आकडा जगाला ठाऊक आहे. त्यांना औषध मात्र त्या आकड्याने मिळत नाही. त्यातही, ज्यांना तपासणीच कधी मिळणार नाही, ज्यांची कुठल्याही यादीत येण्याची शक्यता शून्य आहे, ते याद्या जुळवून काढलेल्या अंदाजातसुद्धा येत नाहीत. निदान झालेले पण नोंद न झालेले आणि निदानच न झालेले, हे दोन वेगळे गट आहेत. पहिल्यासाठी कागदोपत्री सुधारणा पुरते, दुसऱ्यासाठी दवाखाना, प्रयोगशाळा आणि माणसं लागतात. पूर्णतेच्या अंदाजाने कुठे जायचं ते सांगावं. जाण्याऐवजी तो वापरला जाऊ नये.

आणि जाणं म्हणजे नेमकं काय, तेही ठरवता येतं. दर काही वर्षांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मोजक्या भागांत, नोंदणीच्या यादीकडे न बघता, वेगळ्या माणसांनी घरोघर आणि दवाखान्यादवाखान्यांत जाऊन रुग्ण शोधावेत आणि मग ती यादी नोंदणीशी ताडून पाहावी. अशी यादी मुद्दाम स्वतंत्र ठेवलेली असते, म्हणून सूत्रातली सर्वांत कमकुवत अट इथे बऱ्याच अंशी पाळली जाते. तिने काढलेला अंदाज दाखल्यांवरून किंवा रुग्णालयांच्या याद्यांवरून काढलेल्या अंदाजापेक्षा फार वेगळा निघाला, तर त्या भागापुरतं कुठलं गृहीतक कोसळलं ते कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाच्या न कळवलेल्या रुग्णांच्या शोधासाठी २०१२ मध्येच मार्गदर्शिका काढली आहे, तेव्हा पद्धत नव्याने शोधायची नाही. याला खर्च येतो, आणि काटकसरीची वेळ आली की सर्वांत आधी हाच खर्च कापला जातो, कारण तो कापल्याने अहवालातला एकही आकडा लगेच वाईट दिसत नाही. म्हणून नोंदणीच्या अंदाजपत्रकात फेरशोधाचा वाटा वेगळ्या शीर्षाखाली असावा, तो दुसरीकडे वळवता येऊ नये, आणि ज्या वर्षी फेरशोध झाला नाही त्या वर्षीच्या अहवालात पूर्णतेच्या रकान्यात जुना आकडा पुन्हा न छापता ‘तपासणी झाली नाही’ असं लिहिणं बंधनकारक असावं.